सहा कागद, बारा दिवस: सीबीएस आणि पक्षपाताचा आरोप

८ सप्टेंबर २००४ च्या रात्री सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स वेन्सडे' या कार्यक्रमात वाहिनीचे प्रमुख वृत्तनिवेदक डॅन रॅदर यांनी काही जुने टंकलिखित कागद अमेरिकेपुढे ठेवले. राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान २ नोव्हेंबरला होतं, म्हणजे आठ आठवड्यांवर. पुन्हा उमेदवार असलेले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश हे तरुणपणी टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये वैमानिक होते. तिथे त्यांनी कर्तव्यात चालढकल केली आणि वरिष्ठांच्या दबावामुळे ती झाकली गेली, असं त्या कागदांवरून दिसत होतं. कागद खरे असते तर ती त्या वर्षातली सर्वांत मोठी राजकीय बातमी ठरली असती. पुढचे बारा दिवस चर्चा झाली ती मात्र सीबीएसचीच.

'अमेरिकी माध्यमं डावीकडे झुकलेली आहेत' हा आरोप सिद्ध करायला या प्रकरणाइतका वापर दुसऱ्या कुठल्याही प्रकरणाचा झाला नसेल. म्हणून ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. आरोप करणारे समजतात तितकं ते सरळ नाही, आणि सीबीएसची बाजू घेणारे भासवतात तितकं निरागसही नाही.

आधी बुश यांच्या नोकरीबद्दल. नॅशनल गार्ड ही प्रत्येक राज्याची राखीव सेना. १९६८ साली व्हिएतनाममध्ये मुलं मरत होती, आणि गार्डमध्ये भरती झालं की तिकडे जाण्याची शक्यता फार कमी होई. त्यामुळे तिथे जागा मिळवायला रांगा लागत. बुश त्या वर्षी मे महिन्यात भरती झाले. वडील तेव्हा ह्यूस्टनहून निवडून आलेले काँग्रेस सदस्य होते. टेक्सास विधानसभेचे तेव्हाचे सभापती बेन बार्न्स यांनी त्याच कार्यक्रमात सांगितलं की बुश यांच्यासाठी आपण शब्द टाकला होता. पुढे १९७२ मध्ये बुश एका सिनेट उमेदवाराच्या प्रचारासाठी अलाबामात गेले, सक्तीची वैद्यकीय तपासणी चुकवली, आणि त्यांचं उड्डाण बंद झालं. ही शेवटची गोष्ट सरकारी दप्तरात होती, तिच्याबद्दल वाद नव्हता. बोस्टन ग्लोब या दैनिकाने तर ८ सप्टेंबरलाच, निव्वळ सरकारी नोंदी तपासून, बुश यांनी गार्डची बांधिलकी पुरी केली नसल्याची बातमी छापली होती.

मग सीबीएसच्या कागदांत नवीन काय होतं? बुश यांचे वरिष्ठ, लेफ्टनंट कर्नल जेरी किलियन, यांनी स्वतःच्या खाजगी फाइलसाठी लिहिलेली म्हणून सांगितलेली टिपणं. एका टिपणात तपासणीला हजर राहण्याचा हुकूम, दुसऱ्यात उड्डाणावरून निलंबन, आणि १८ ऑगस्ट १९७३ ची तारीख असलेल्या तिसऱ्यात 'वरून दबाव येतोय, अहवाल गोड करून लिही म्हणतात' अशा अर्थाची तक्रार. किलियन १९८४ मध्येच वारले होते. म्हणजे दोषी ठरवणारा साक्षीदार हयात नाही, आणि त्याच्या नावावर कागद तेवढे आहेत. कुठल्याही तलाठी कचेरीत जमिनीचा वाद पाहिलेला माणूस इथे भुवया उंचावेल.

कागद आले बिल बर्केट यांच्याकडून. हे टेक्सास गार्डचे निवृत्त लेफ्टनंट कर्नल. गार्डशी त्यांचं भांडण जुनं होतं, आणि बुश यांच्या फाइली साफ केल्या गेल्याचा आरोप त्यांनी आधीच जाहीरपणे केला होता. कार्यक्रमाच्या निर्मात्या मेरी मेप्स यांना दोन कागद २ सप्टेंबरला मिळाले, चार ५ सप्टेंबरला. ८ तारखेला कार्यक्रम प्रसारित. पहिला कागद हातात आल्यापासून सहा दिवस, शेवटचा आल्यापासून तीन. मूळ प्रत एकाचीही नाही, सगळ्या झेरॉक्स, आणि त्याही झेरॉक्सच्या झेरॉक्स. आपल्याला हे एका सहकारी अधिकाऱ्याने दिले, असं बर्केट यांनी सांगितलं. त्या अधिकाऱ्याकडून नीट खातरजमा झालीच नाही.

मेप्स म्हणजे काही शिकाऊ बातमीदार नव्हत्या. याच वर्षी एप्रिलमध्ये इराकमधल्या अबू गरेब तुरुंगातली कैद्यांच्या छळाची ती छायाचित्रं ज्या चमूने जगापुढे आणली, त्या चमूच्या त्या निर्मात्या. त्यांच्या शब्दाला न्यूजरूममध्ये वजन होतं, आणि हेच वजन पुढे सगळ्यांना महागात पडलं. वरिष्ठांनी जे प्रश्न एखाद्या नवख्या निर्मातीला दहादा विचारले असते, ते इथे एकदाही धड विचारले गेले नाहीत.

तपासणी कशी झाली ते पाहू. चार दस्तऐवज-तज्ज्ञ नेमले. त्यांतल्या दोघींनी प्रसारणाआधीच शंका बोलून दाखवल्या. ज्यांचा आधार घेतला ते मार्सेल मॅटली हे मुळात सहीचे जाणकार. त्यांनी एका सहीबद्दल होकार दिला, पण झेरॉक्सवरून कागद खरा की खोटा हे ठरत नाही, हे त्या धंद्यातलं प्राथमिक ज्ञान. किलियन यांचे वरिष्ठ राहिलेले निवृत्त मेजर जनरल बॉबी हॉजेस यांना कागद दाखवलेच नाहीत, फोनवर वाचून दाखवले. ते हस्तलिखित असतील अशा समजुतीत त्यांनी मान डोलावली. पुढे कागद पाहिल्यावर हे बनावट वाटतात म्हणाले. सीबीएसच्या लेखी मात्र हॉजेस हा हुकमाचा एक्का होता.

सगळ्यांत बोलका भाग व्हाइट हाउसचा. प्रसारणाच्या दिवशी सकाळी कागदांच्या प्रती राष्ट्राध्यक्षांचे संपर्क संचालक डॅन बार्टलेट यांना दिल्या. मुलाखतीत त्यांनी कागद खोटे आहेत असं म्हटलं नाही. तेवढ्यावर सीबीएसने गृहीत धरलं की कागद खरे. मेलेल्या माणसाच्या तीस वर्षांपूर्वीच्या खाजगी टिपणाबद्दल व्हाइट हाउसमधल्या एका माणसाला तीन-चार तासांत काय ठाऊक असणार? पण ज्याला बातमी हवी असते त्याला मौनातही होकार ऐकू येतो.

कार्यक्रम संपल्यावर काही तासांतच 'फ्री रिपब्लिक' या उजव्या विचारांच्या मंचावर 'बकहेड' असं टोपणनाव घेतलेल्या एकाने लिहिलं: ही अक्षरं १९७२ च्या टाइपरायटरची नाहीत, संगणकाची आहेत. दुसऱ्या दिवशी 'पॉवर लाइन' या ब्लॉगने ते उचललं. मग चार्ल्स जॉन्सन या ब्लॉगलेखकाने एक साधी गोष्ट केली. मायक्रोसॉफ्ट वर्ड उघडलं, कुठलीही सेटिंग न बदलता तोच मजकूर टाइप केला, आणि तो सीबीएसच्या कागदावर ठेवून दाखवला. ओळी कुठे तुटतात, अक्षरं एकाखाली एक कशी येतात, 'एकशे अकरावी तुकडी' लिहिताना 111 या आकड्याच्या डोक्यावर येणारी 'th' ही बारीक अक्षरं कुठे बसतात, सगळं जवळपास तंतोतंत जुळलं.

ज्यांनी महाराष्ट्रात गल्लोगल्लीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर बोटं झिजवून तीस-चाळीसच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. साध्या यंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, मग ते रोड असो की रुंद. सीबीएसच्या कागदांत अक्षरागणिक जागा बदलत होती. इथे ब्लॉगवाल्यांचंही थोडं चुकलं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. 'अशी यंत्रं तेव्हा नव्हतीच' हा त्यांचा दावा खरा नव्हता. रुंदीप्रमाणे जागा सोडणारी आयबीएमची यंत्रं त्याआधी कितीतरी वर्षं बाजारात होती, आणि डोक्यावर बारीक अक्षरं उमटवणारी यंत्रंही होती. पण हे सगळं एकत्र करणारं महागडं यंत्र ह्यूस्टनजवळच्या एका हवाई तळावर खाजगी टिपणं लिहायला वापरलं गेलं, आणि त्यातून निघालेली प्रत तीस वर्षांनंतरच्या वर्डशी जुळली, हे पचणं अवघड होतं.

यानंतरचे दिवस सीबीएसने ज्या तऱ्हेने घालवले तो या प्रकरणाचा गाभा, असं मला वाटतं. चूक एका रात्रीची होती. हट्ट बारा दिवसांचा. १० सप्टेंबरच्या संध्याकाळच्या बातम्यांत रॅदर यांनी कागदांचं समर्थन केलं आणि टीका करणाऱ्यांत राजकीय हस्तक आहेत असं सुचवलं. सीबीएसचे एक माजी वरिष्ठ अधिकारी फॉक्स न्यूजवर म्हणाले की इकडे तपासणीचे अनेक थर आहेत आणि तिकडे दिवाणखान्यात पायजमा घालून लिहीत बसलेला एक माणूस. ब्लॉगवाल्यांनी तो पायजमा बिरुदासारखा मिरवला.

पण पायजमावाल्यांनी सुरुवात केली. शेवट केला तो दैनिकांनी आणि वाहिन्यांनी. डॅलस मॉर्निंग न्यूजने शोधून काढलं की ज्या कर्नलचा दबाव येतोय असं ऑगस्ट १९७३ च्या टिपणात लिहिलंय, ते कर्नल स्टॉट त्याच्या दीड वर्ष आधीच निवृत्त झाले होते. वॉशिंग्टन पोस्टने अक्षरांची आणि लष्करी लेखनपद्धतीची खऱ्या नोंदींशी तुलना केली. सीबीएसने कानाआड केलेल्या तज्ज्ञांना एबीसीने कॅमेऱ्यापुढे बसवलं. किलियन यांच्या वेळच्या टायपिस्ट मॅरियन कार नॉक्स, वय ८६, म्हणाल्या की हे मी टाइप केलेलं नाही, पण यातला आशय किलियन यांच्या मनातलाच आहे. 'खोटं पण अचूक' असा त्या बातमीचा मथळा न्यूयॉर्क टाइम्सने दिला, आणि तो मथळा उजव्या बाजूला आयता मिळाला. तरीही, 'सगळी माध्यमं एका माळेचे मणी' म्हणणाऱ्यांनी या यादीकडे एकदा पाहावं. सीबीएसला उघडं पाडणाऱ्यांत त्यांच्या मते डावी असलेलीच मंडळी होती.

२० सप्टेंबरला सीबीएसने मान्य केलं की या कागदांच्या खरेपणाची हमी आपण देऊ शकत नाही. रॅदर यांनी माफी मागितली. बर्केट यांनी कबूल केलं की कागद कुणी दिले याबद्दल आपण खोटं बोललो. नवी कथा अशी: 'लुसी रामिरेझ' नावाच्या बाईचा फोन आला, ह्यूस्टनच्या पशुप्रदर्शनात एका अनोळखी माणसाने पाकीट हातात ठेवलं, आणि झेरॉक्स काढून मूळ कागद आपण जाळून टाकले. लुसी रामिरेझ कुणाला कधीच सापडल्या नाहीत.

सीबीएसने चौकशी दोघांवर सोपवली: रिपब्लिकन पक्षाचे, रेगन आणि थोरल्या बुश यांच्या काळातले माजी अॅटर्नी जनरल डिक थॉर्नबर्ग, आणि असोसिएटेड प्रेसचे निवृत्त प्रमुख लुइस बोकार्डी. १० जानेवारी २००५ ला त्यांचा २२४ पानांचा अहवाल आला. मेप्स यांना काढलं, तीन वरिष्ठांना राजीनामे मागितले. रॅदर यांनी नोव्हेंबरातच जाहीर केल्याप्रमाणे ९ मार्च २००५ ला, अँकरच्या खुर्चीत २४ वर्षं पुरी करून, ती सोडली.

हा अहवाल दोन्ही बाजूंना नकोसा झाला, कारण त्यात दोन गोष्टी होत्या. एक, कागद बनावट आहेत असं समितीने छातीठोकपणे म्हटलं नाही. दुसरी, ज्यांनी हा भाग तयार केला किंवा तपासला त्यांच्यावर राजकीय पक्षपाताचा ठपका ठेवायला आधार नाही, असं म्हटलं. दोष दिला तो घाईला, इतरांच्या आधी बातमी देण्याच्या ईर्ष्येला, आणि नंतरच्या ताठरपणाला. एकच अपवाद: बर्केट यांच्या सांगण्यावरून मेप्स यांनी प्रसारणाआधी बुश यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी जॉन केरी यांच्या प्रचारातल्या जो लॉकहार्ट यांना फोन करून बर्केट यांच्याशी बोलायला सांगितलं होतं. हा हितसंबंधांचा उघड संघर्ष होता आणि त्यातून पक्षपाताचा आभास निर्माण झाला, असं समिती म्हणते. आभास.

समितीने हेतू शोधला आणि तो सापडला नाही. मला वाटतं तिने चुकीच्या जागी शोधलं. '६० मिनिट्स'च्या कार्यालयात कुणी बसून बुश यांना पाडायचा कट केला असेल यावर माझाही विश्वास नाही. प्रश्न वेगळा आहे. हेच सहा कागद, याच झेरॉक्स, असाच खुन्नस असलेला माणूस, पण विषय जॉन केरी यांची व्हिएतनाममधली पदकं, असं असतं तर तीन दिवसांत ते पडद्यावर गेले असते? त्याच ऑगस्टमध्ये केरी यांच्या पदकांवर शंका घेणाऱ्या माजी नौसैनिकांच्या जाहिराती चालू होत्या, आणि मोठ्या वाहिन्यांनी त्यांचे दावे योग्य संशयाने तपासले. बुश यांच्याबद्दलची गोष्ट मेप्स यांना १९९९ पासून ठाऊक होती, त्यांना ती खरीच वाटत होती. खरं वाटणाऱ्या गोष्टीला माणूस पुरावा कमी मागतो. झुकाव असतो तो इथे, किती पुरावा पुरेसा वाटतो त्यात.

त्याच वर्षी प्यू संस्थेने राष्ट्रीय पातळीवरच्या पत्रकारांना स्वतःची ओळख विचारली होती. ३४ टक्के स्वतःला उदारमतवादी म्हणाले, ७ टक्के पुराणमतवादी. सर्वसामान्य जनतेत हे आकडे जवळपास उलटे: २० आणि ३३. अशा खोलीत एखाद्या कागदावर 'थांबा, हे जरा जास्तच सोयीचं नाही का?' असं विचारणारा माणूस असण्याची शक्यता विषयागणिक बदलते.

मात्र हे निदान एकाच बाजूला लावून चालत नाही. त्याच २००४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने वाचकांपुढे कबुली दिली होती की इराककडच्या संहारक शस्त्रांबद्दलच्या आपल्या बातम्या पुरेशा कठोरपणे तपासल्या गेल्या नव्हत्या. 'उदारमतवादी' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या दैनिकाने रिपब्लिकन सरकारला सोयीची गोष्ट, दुखावलेल्या आणि हेतू असलेल्या सूत्रांवर विसंबून छापली होती. परिणाम पाहता ती चूक सीबीएसच्या चुकीपेक्षा किती मोठी होती हे सांगायला नको. तरी 'माध्यमांचा पक्षपात' म्हटलं की उदाहरण आठवतं ते रॅदर यांचं.

याचं कारण रॅदर स्वतः आहेत. १९७४ मध्ये ह्यूस्टनला त्यांची निक्सन यांच्याशी भर सभेत शाब्दिक चकमक झाली होती. १९८८ मध्ये थोरल्या बुश यांची इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणावर थेट प्रक्षेपणात घेतलेली मुलाखत म्हणजे नऊ मिनिटांचं भांडणच. २००१ मध्ये ते ऑस्टिनला डेमोक्रॅटिक पक्षाच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमात बोलले आणि नंतर माफी मागितली. सीबीएसमध्येच वर्षानुवर्षं काम केलेले बर्नार्ड गोल्डबर्ग यांनी १९९६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहून आपल्याच वाहिनीवर डावेपणाचा आरोप केला होता. म्हणजे खटला आधीच उभा होता, २००४ मध्ये फक्त पुरावा हातात पडला.

आरोपाचा दाब न्यूजरूमपुरता नव्हता. नोव्हेंबर २००३ मध्ये, या प्रकरणाच्या दहा महिने आधी, सीबीएसने रेगन दाम्पत्यावरची तयार मालिका प्रसारणाच्या तोंडावर मागे घेतली आणि आपल्याच समूहाच्या शोटाइम या सशुल्क वाहिनीकडे ढकलली. रिपब्लिकन पक्षाने आणि रेगनभक्तांनी ती एकतर्फी असल्याची ओरड केली होती. मनोरंजन विभाग दबावापुढे वाकला, वृत्त विभाग वाकायचं नाही म्हणून खोट्या कागदांवर अडून बसला. एकाच कंपनीचे हे दोन मजले.

मालकाचा कल मात्र तिसरीकडेच होता. सीबीएसची मालकी असलेल्या व्हायाकॉमचे सर्वेसर्वा समनर रेडस्टोन यांनी त्याच सप्टेंबरात जाहीर सांगितलं की कंपनीच्या दृष्टीने रिपब्लिकन सरकार अधिक फायद्याचं. रॅदर यांनी २००७ मध्ये ७ कोटी डॉलरचा दावा ठोकला तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं: व्हाइट हाउसला खूश ठेवायला मला बळीचा बकरा केलं. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने दावा फेटाळला. २०१५ मध्ये मेप्स यांच्या पुस्तकावर हॉलिवूडने सिनेमा काढला. रॉबर्ट रेडफर्ड रॅदर झाले, केट ब्लँचेट मेप्स. सिनेमाची सहानुभूती कुणाकडे होती ते वेगळं सांगायला नको. सीबीएसने त्याच्या जाहिराती घ्यायला नकार दिला.

लोकांचं काय झालं? गॅलप या जनमत चाचणी संस्थेने १३ ते १५ सप्टेंबर २००४, म्हणजे नेमक्या त्या बारा दिवसांत, माध्यमांवर विश्वास आहे का विचारलं. होकार ४४ टक्के, वर्षभरापूर्वी तो ५४ होता. रिपब्लिकनांमध्ये घसरण ४७ वरून ३१ वर. २०२४ मध्ये एकूण आकडा ३१ आणि रिपब्लिकनांचा १२ होता. सगळा दोष सीबीएसच्या माथी मारणं अन्याय होईल. मधल्या काळात फॉक्स वाढलं, फेसबुक आणि ट्रम्प आले. शिवाय माणसाची नजरही कोरी नसते. १९८५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बैरूतमधल्या १९८२ च्या हत्याकांडाच्या त्याच त्या बातम्या इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. पण स्टॅनफर्डच्या त्या बातम्यांत खोटा कागद नव्हता. सीबीएसच्या होता.

सगळ्यांत मोठं नुकसान ज्या प्रश्नाचं झालं तो म्हणजे बुश यांची नोकरी. बोस्टन ग्लोबची बातमी सरकारी नोंदींवर उभी होती, तिला कुणी धक्का लावू शकलं नाही. पण ८ सप्टेंबरनंतर तो विषय काढणारा प्रत्येक जण झेरॉक्सवाला ठरला. बुश निवडून आले, आणि अलाबामात गार्डच्या कवायतींना ते किती हजर होते याची चर्चा तिथेच थांबली.

वीस वर्षांनी '६० मिनिट्स' पुन्हा कचाट्यात सापडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या मुलाखतीतलं एक उत्तर दोन कार्यक्रमांत दोन तऱ्हांनी कापून दाखवलं म्हणून ट्रम्प यांनी सीबीएसवर आधी १,००० कोटी आणि नंतर २,००० कोटी डॉलरचा दावा लावला. या वेळी खोटा कागद नव्हता; संपादित न केलेली मुलाखत नंतर जाहीर झाली आणि तिच्यात हॅरिस यांचं उत्तर जसं दिलं तसं होतं, दाखवलेले दोन तुकडे त्याचेच. तरीही जुलै २०२५ मध्ये सीबीएसची तेव्हाची मालक कंपनी पॅरामाउंटने १.६ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला. स्कायडान्स या कंपनीबरोबरच्या तिच्या विलीनीकरणाला तेव्हा सरकारी मंजुरी हवी होती, आणि ती त्याच महिन्यात मिळाली. २००५ मध्ये सीबीएसने २२४ पानांची चौकशी करून चार माणसं घालवली होती. २०२५ मध्ये चौकशी झाली नाही, धनादेश गेला. मंजुरीच्या वेळी नव्या मालकांनी पक्षपाताच्या तक्रारी ऐकायला एक लोकपाल नेमण्याचं वचन दिलं. त्या जागेवर आले केनेथ वाइनस्टाइन, पुराणमतवादी हडसन इन्स्टिट्यूटचे माजी प्रमुख. आता सीबीएस झुकलंय अशी तक्रार डावीकडून येते.